ऋणमुक्त कुटुंब

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत प्रमुख धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवासारख्या मंगल प्रसंगीं कर्ज हा रुक्ष विषय आम्हीं कां निवडला, असा प्रश्न आपणांपैकीं कित्येकांच्या मनांत आला असेल. या धर्मग्रामाचा पन्नास वर्षांचा इतिहास, त्यासाठीं झिजलेल्या वडीलधाऱ्यांचें स्मरण, मंदिराच्या उभारणीची कथा, हे विषय आमच्या आधींच्या वक्त्यांनीं उत्तम रीतीनें मांडलेच आहेत. आमच्या वांट्याला आलेला वेळ आम्हीं घराच्या चार भिंतींआड चाललेल्या एका दुःखासाठीं राखून ठेवला आहे. घरांना आशीर्वाद देण्याकरितां दारोदार फिरत असतां एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानांत आली. लोक आजारपणाविषयीं मोकळेपणानें बोलतात, मुलाच्या बेकारीविषयीं बोलतात, घरांतील व्यसनाविषयींहि डोळ्यांत पाणी आणून सांगतात. कर्जाविषयीं मात्र कोणी बोलत नाहीं. नवरा तें बायकोपासून लपवितो, बायको सासूपासून लपविते, आणि सर्व मोठीं माणसें मिळून तें मुलांपासून लपवितात. आमचें आजचें सांगणें थोडक्यांत असें कीं, जें कर्ज घरांतल्या घरांत लपविलें जातें तें वाढत जातें. आणि ज्याचा आंकडा घरांतील लहानथोर सर्वांना ठाऊक असतो, तें उत्पन्न बेताचें असलें तरी बहुधा फिटतें.

आतां कोणी म्हणेल, धर्मगुरूला संसार कसला? त्याला घरभाडें भरावें लागत नाहीं, मुलीचें लग्न करावें लागत नाहीं, मग त्यानें काटकसरीचा उपदेश कां करावा? हा आक्षेप रास्त आहे. म्हणून धर्मग्रंथांतील दाखल्यापूर्वीं आमच्याच घरची एक हकीकत सांगतों. ती सांगतांना आम्हांस आजहि संकोच वाटतो, कारण त्या कर्जाला निमित्त आम्ही स्वतः होतों.

आमचें घर वसई तालुक्यांतील एका वाडीवाल्याचें. वडिलांची वाडी लहान. तींत केळीं, भाजी आणि थोडा मोगरा निघे. आई पहाटेच्या आगगाडीनें भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईस जाई. थोरले बंधु एका कारखान्यांत नोकरीस होते. त्यांची पत्नी व दोन लहान मुलें घरींच असत. आणि धाकटी बहीण बालवाडींत शिकवीत असे. १९९७ सालीं आम्हांस गुरुदीक्षा मिळाली. आमच्या कुळांतील हा पहिलाच धर्मगुरु, तेव्हां प्रथम मिस्सेचा सोहळा साधेपणानें करणें वडिलांच्या मनास पटेना. दारांत मोठा मांडव पडला, बँड आला, नऊशें माणसें जेवून गेलीं. आम्ही गळ्यांत हार घालून पाहुण्यांचे आशीर्वाद घेत हिंडत होतों. इतकीं वर्षें सेमिनरींत राहून तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकून आलेल्या आम्हांस, हा पैसा कोठून आला, एवढा साधा प्रश्न विचारण्याचें सुचलें नाहीं.

तो पैसा कर्जाचा होता. एकंदर ६०,००० रुपये. त्यांपैकीं २५,००० पतपेढींतून, दरसाल शेंकडा सोळा व्याजानें, छत्तीस हप्त्यांनीं फेडावयाचे; उरलेले ३५,००० एका सावकाराकडून, दरमहा शेंकडा तीन व्याजानें. त्या वेळीं घरांत सर्वांची मिळून महिन्याची आवक सुमारे ८,३०० रुपये होती. घरखर्च ६,८७०, पतपेढीचा हप्ता ८८०, सावकाराचें नुसतें व्याज १,०५०, अशी बेरीज केली तर ती ८,८०० होते. म्हणजे दरमहा ५०० रुपयांची तूट. ही तूट कोणाच्या डोळ्यांवर येत नसे, कारण ती वाण्याच्या उधारीच्या वहींत जाऊन बसे. दोन वर्षांत ती १२,००० झाली. वाण्यानें तगादा लावला तेव्हां आईनें आपल्या हातांतील सोन्याच्या बांगड्या गहाण टाकून त्याचें देणें भागविलें, आणि ही गोष्ट वडिलांखेरीज कोणास सांगितली नाहीं.

१९९९ च्या पावसाळ्यांत आम्ही दोन दिवसांच्या रजेवर घरीं गेलों होतों. आई ताटांत भाकरी वाढीत असतां तिचे मोकळे मनगट आम्हांस दिसलें. बांगड्या कोठें, म्हणून विचारलें, तर ती म्हणाली, "काम करतांना टोचतात, म्हणून काढून ठेवल्या." त्यावर शेजारीं बसलेला आमचा सात वर्षांचा पुतण्या सहज बोलून गेला, "आजीच्या बांगड्या पेढीवर आहेत." सर्वांचे हात ताटांतच थांबले. ज्या मुलांपासून कर्ज लपविलें होतें त्यांनाच तें ठाऊक होतें. ठाऊक नव्हतें तें कारखान्यांत राबणाऱ्या बंधूंना, आणि ज्याच्या नांवानें तें काढलें त्या आम्हांस.

त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर सर्वजण ओटीवर बसलों. वडील पुष्कळ वेळ बोलेनात. मग म्हणाले, "बोललों असतों तर तुमच्या मिस्सेचा आनंद गेला असता." आम्ही निरुत्तर झालों. शेवटीं आमच्या वहिनी पुढें आल्या. सासऱ्यांपुढें फारसें न बोलणारी ती बाई, परंतु त्या रात्रीं मुलाची कोरी वही घेऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, आंकडा ठाऊक नसेल तर आम्ही वांचवायचें तरी कशांतून?" वडिलांनीं एक एक रक्कम सांगितली, वहिनींनीं ती लिहिली. सावकाराचे ३५,००० जसेच्या तसे, पतपेढीचे उरलेले सुमारे ९,७००, बांगड्यांवरील १२,०००. एकूण ५६,७०० रुपये. दोन वर्षांत व्याज आणि हप्ते मिळून घरानें ४६,३२० रुपये भरले होते, आणि साठ हजारांचें कर्ज अवघ्या ३,३०० रुपयांनीं उतरलें होतें! हा आंकडा पाहून बंधूंनीं कपाळावर हात मारला. पण बंधुभगिनींनो, तोच आंकडा आमच्या घराच्या सुटकेचा पहिला टप्पा ठरला.

येथें आम्हांस राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायांतील त्या विधवेची आठवण होते. तिचा नवरा देवभक्त होता, तरी कर्ज ठेवून मेला, आणि सावकार तिचे दोन मुलगे दास म्हणून न्यावयास आला. ती अलीशा संदेष्ट्याकडे धांवली. संदेष्ट्यानें तिच्या हातीं पैसे ठेवले नाहींत. तुझ्या घरांत काय आहे, असें त्यानें तिला विचारलें. घरांत तेलाच्या एका भांड्याशिवाय कांहीं नव्हतें. मग त्यानें तिला शेजाऱ्यांकडून रिकामीं भांडीं मागून आणावयास सांगितलें, मुलांसह घराचें दार लावून घेऊन तीं भरावयास सांगितलें, आणि तेल विकून आधीं देणें भागवून उरलेल्यावर पोट भरावें असें बजाविलें. चमत्कार देवाचा खरा. पण त्या कथेंतील क्रम पहा. आधीं घरांत काय आहे याची मोजदाद. मग मुलांनीं भांडीं आईच्या हातीं देणें, म्हणजे ज्यांच्यावर संकट तींच मुलें कामांत सामील. शेजाऱ्यांची मदत, तीहि नव्या उसनवारीच्या पैशांची नव्हे, तर रिकाम्या भांड्यांची. आणि शेवटीं, पहिला पैसा देण्याकडे, मागाहून स्वतःकडे. कुटुंबानें कर्जांतून बाहेर कसें पडावें याचें याहून नेटकें शिक्षण आमच्या पाहण्यांत नाहीं.

आमच्या घरींहि तसेंच घडलें. पहिला महिना वहिनींनीं कोणताहि खर्च कमी केला नाहीं, फक्त लिहिला. मीठ, काड्यापेटी, रिक्षाचें भाडें, पाहुण्यासाठीं आणलेलीं बिस्किटें, सर्व. हा महिना फार महत्त्वाचा. पुष्कळ घरीं जोश येतो, पहिल्याच दिवशीं दूध निम्मे होतें, मुलांच्या वह्या बंद होतात, आणि तीन आठवड्यांत सर्व पूर्ववत् होतें. कारण पैसा कोठें जातो हें ठाऊक नसतां ज्यांना तोंड वर करून बोलतां येत नाहीं त्यांच्याच तोंडचा घास आधीं काढला जातो. महिना संपल्यावर पुन्हां सर्वजण बसले. तेव्हां दोन गोष्टी ठरल्या. मुलांचें दूध, शाळा आणि औषधपाणी यांना हात लावावयाचा नाहीं. आणि कपात वरून खालीं यावयाची. घरांतील सर्वांत मोठ्या माणसानें आधीं सोडावें, लहानानें शेवटीं.

म्हणून वडिलांनीं आपला संध्याकाळचा प्याला सोडला आणि बंधूंनीं विडी-सिगारेट. त्यांतून महिन्याचे ४०० रुपये सुटले. वाण्याची उधारी बंद करून रोख आणि यादीनें माल घेऊं लागल्यावर ४५० सुटले, कारण उधारीवाल्याला भाव करतां येत नाहीं आणि मोजमापहि तपासतां येत नाहीं. समारंभांतील आहेर, भेटी व मानपान यांत ३५० वांचले. लग्नाला जावें, मिस्सेला बसावें, वधूवरांना मनापासून आशीर्वाद द्यावा, पण शेजाऱ्याच्या आहेराशीं स्पर्धा करूं नये, असें ठरलें. नाताळला नवे कपडे फक्त मुलांना, त्यांत महिन्याकांठीं सरासरी २५०. दर रविवारचें मटण महिन्यांतून दोनदां झालें, पापलेटाच्या जागीं बोंबील आणि मांदेली आली, त्यांत २२०. हे सर्व मिळून १,६७० रुपये होतात. घरखर्च ६,८७० वरून ५,२०० वर आला, आणि दरमहा ३,१०० रुपये कर्जाकडे वळले.

दुसरें काम व्याजाचें. दोन शेजारी जामीन राहिले, आणि सहकारी बँकेकडून दरसाल शेंकडा पंधरा व्याजानें ३५,००० घेऊन सावकाराचें देणें एकरकमी चुकविण्यांत आलें. महिन्याचें व्याज १,०५० वरून सुमारें ४४० वर उतरलें. मुद्दल तेवढेंच, माणसें तींच, पण सहाशें रुपये दरमहा व्याजाच्या खळग्यांत पडावयाचे ते मुद्दलाकडे जाऊं लागले. हिशेबानें एकवीस महिने लागावयाचे. मध्यें पुतणी तापानें आजारी पडली, एका पावसाळ्यांत केळीं आडवीं झालीं, म्हणून सव्वीस लागले. २००१ सालीं शेवटचा हप्ता गेला आणि बांगड्या घरीं आल्या. पुढें एकदां आई हातांत बांगड्या ठेवूनच भाजी निवडीत बसलेली पाहून आम्हीं विचारलें, "आतां टोचत नाहींत?" ती हंसली आणि म्हणाली, "नाहीं टोचत."

ही हकीकत सांगून आम्ही कोणाची स्तुति करूं इच्छीत नाहीं. तींतून जें शिकलों तें आपल्या आजच्या परिस्थितीस लावून पाहूं. आज सावकार पूर्वीसारखा ओटीवर येऊन बसत नाहीं. तो पाकिटांतील क्रेडिट कार्डांत असतो, मोबाईलमधील ॲपमध्यें असतो, दुकानांतील सुलभ हप्त्यांच्या पाटीवर असतो. कार्डावरील थकबाकीला दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागणें ही आज सामान्य गोष्ट आहे. साडेतीन हा आंकडा ऐकावयास लहान वाटतो. पण ५०,००० रुपये थकले आणि वर्षभर कांहींच भरलें नाहीं, तर व्याजावर व्याज चढून ते बारा महिन्यांनीं सुमारें ७५,५०० होतात. दंड आणि कर वेगळे. आमच्या वडिलांना शेंकडा तीन घेणारा सावकार कठोर वाटला होता. त्यांच्या नातवंडांच्या खिशांतील चकचकीत कार्डाचा दर त्याहून चढा आहे. शिवाय कार्डाच्या बिलावर किमान भरावयाची एक लहान रक्कम छापलेली असते. ती भरली कीं आपण देणें दिलें असें मनाला वाटतें. वास्तविक तींतील मोठा वांटा व्याजाचाच असतो, आणि मुद्दल जागचें फारसें हालत नाहीं.

म्हणून आमची पहिली विनंती अशी कीं, ज्या घरांत कर्ज आहे त्या घरानें एक रात्र निवडावी, दूरचित्रवाणी आणि मोबाईल बंद करावे, जपमाळेची प्रार्थना करावी, आणि मग वही उघडावी. तींत पांच रकाने आंखावे: कोणाचें देणें, मुद्दल किती उरलें, व्याजाचा दर काय, महिन्याचा हप्ता किती, आणि काय गहाण आहे. दर महिन्याचा कीं वर्षाचा, हें नीट विचारून लिहावें. पुष्कळ माणसें येथेंच फसतात. त्या रात्रीं कोणी कोणास दोष देऊं नये. दोष देण्याची भीति असते म्हणूनच माणूस लपवितो, आणि लपवितो म्हणूनच दुसरें कर्ज काढून पहिलें झांकतो. समजूं लागलेल्या मुलांनाहि त्या बैठकींत घ्यावें. त्यांना भय वाटेल असें म्हणूं नका. न सांगितलेल्या गोष्टीचें भय त्यांना आधींच वाटत असतें.

दुसरी विनंती, नवें कर्ज त्याच दिवशीं थांबवावें. एका हातानें पाणी उपसून दुसऱ्या हातानें तें ओतीत बसल्यास विहीर कधीं कोरडी होणार नाहीं. कार्ड कपाटांत कुलुपबंद करावें, नाहींतर परत करावें. मग सर्वांत चढ्या व्याजाचें देणें आधीं फेडावें, इतरांचे ठरलेले हप्ते मात्र चुकवूं नयेत. शक्य असेल तेथें चढ्या व्याजाचें कर्ज कमी व्याजाच्या कर्जानें बदलावें. पण बदलल्यावर जो पैसा सुटेल तो त्याच कर्जांत घालण्याचा निर्धार असेल तरच. आणि कितीहि ओढाताण असली तरी महिन्याकांठीं थोडी रक्कम आजारपणासाठीं बाजूला ठेवावी. आमच्या पुतणीच्या तापांत ती शिल्लक कामीं आली, नाहींतर बांगड्यांवर आणखी कर्ज चढलें असतें.

तिसरी गोष्ट, खासगी सावकाराची भीति बाळगूं नये. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणें परवान्यावांचून सावकारी करणें हा गुन्हा आहे, आणि त्याविरुद्ध सहकार खात्याच्या निबंधकांकडे तक्रार करतां येते. कोणी घरासमोर येऊन अपमान करीत असेल, कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या असतील, जमिनीचे कागद ताब्यांत ठेवले असतील, तर लाज सावकारास वाटावी, आपणांस नव्हे.

येथें एक सावधगिरीचा शब्द सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. कर्जबाजारी म्हणजे उधळ्या, असा समज आपल्यांत फार आहे. तो अन्यायाचा आहे. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध उठाव केला, कर्जरोखे जाळले, आणि तो वणवा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्याच्या चौकशीसाठीं सरकारनें आयोग नेमला. शेतकरी लग्नकार्यांत पैसा उडवितो म्हणून बुडतो, हें मत त्या काळींहि प्रचलित होतें. परंतु आयोगाला असें आढळलें कीं, लग्नखर्चाला अवास्तव महत्त्व दिलें जात आहे. एखाद्या लग्नापेक्षां अन्नधान्य, बियाणें, बैल आणि सरकारचा सारा यांसाठीं पुन्हां पुन्हां घ्याव्या लागणाऱ्या लहान रकमाच कर्ज अधिक फुगवितात. पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. या निष्कर्षांतून आपण दोन बोध घ्यावे. एक, लहान आणि वारंवार होणारा खर्च मोठ्या खर्चाइतकाच लिहावा. दोन, ज्या घरांत कमी करण्यासारखें कांहीं उरलेलेंच नाहीं, त्या घराला काटकसरीचें व्याख्यान देणें म्हणजे जखमेवर मीठ चोळणें होय. तेथें वही उघडल्यावर खर्चाऐवजीं आवक कशी वाढेल आणि व्याज कसें उतरेल हेंच पहावें लागतें, आणि तेथें शेजाऱ्यांनीं रिकामीं भांडीं घेऊन पुढें यावें लागतें.

ख्रिस्तसभेला हें नवीन नाहीं. इटलींतील पेरूज्या नगरांत १४६२ सालीं फ्रान्सिस्कन मठवासीयांच्या प्रेरणेनें गरिबांना वस्तु ठेवून घेऊन अल्प खर्चांत पैसे देणारी संस्था निघाली, कारण गरीब लोक भारी व्याजानें नागवले जात होते. जर्मनींत फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझन या गृहस्थानें १८६४ सालीं हेडेसडॉर्फ येथें, परस्परांस जामीन राहणाऱ्या शेतकऱ्यांची पतसंस्था उभारली. तो विचार पसरत पसरत हिंदुस्थानांत आला. १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आणि १९१८ सालीं आपल्या वसईंत मॉन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकारानें जी सहकारी संस्था निघाली तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. आपल्या पूर्वजांनीं धर्मगुरूच्या शब्दावर, एकमेकांच्या भरंवशावर, थोडे थोडे रुपये एकत्र केले ते कशासाठीं? शेजाऱ्याची वाडी सावकाराच्या घशांत जाऊं नये म्हणून. आज आपण त्याच पूर्वजांच्या वाड्या विकून एका दिवसाचा समारंभ साजरा करतों, हें पाहून त्यांना काय वाटत असेल?

आणि आतां आम्ही ज्या गोष्टीसाठीं उभे राहिलों ती सांगतों. आमच्या वडिलांनीं कर्ज काढलें तें चैनीसाठीं नव्हे. नऊशें माणसांच्या जेवणांतील एक घासहि त्यांना नीट गेला नसेल. त्यांनीं तें काढलें, कारण गांवांत त्यापूर्वीं झालेल्या सोहळ्याहून आपला सोहळा उणा पडूं नये अशी त्यांस धास्ती होती. ती धास्ती त्यांना कोणी घातली? आपण सर्वांनीं. मांडवांत बसून जेवणाची नांवें ठेवणाऱ्यांनीं, बँड नव्हता म्हणून कुजबुजणाऱ्यांनीं, सोन्याकडे पाहून सुनेची किंमत करणाऱ्यांनीं. किराण्याची काटकसर एक कुटुंब आपल्या घरीं करूं शकतें, पण मानाच्या खर्चाची काटकसर एकट्या कुटुंबाच्या हातची नाहीं. जो पहिला साधें लग्न करील त्याला कंजूष म्हणतील. दहा घरें एकदम करतील तर तीच रीत होईल. म्हणून हें काम कुटुंबाचें तितकेंच धर्मग्रामाचें आहे.

या महोत्सवी वर्षापासून तीन गोष्टी कराव्या, अशी आमची धर्मग्रामस्थांस नम्र प्रार्थना आहे. मुलांच्या प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या दिवशीं मंदिराच्या आवारांत सर्वांसाठीं मिळून एकच चहापान व्हावें, आणि घरोघरच्या मेजवान्या बंद व्हाव्या. मृताच्या महिन्याच्या मिस्सेनंतर जेवणावळीची अपेक्षा कोणी ठेवूं नये; शोकांत असलेल्या घराला आपण जेवूं घालावें, त्यानें आपणांस नव्हे. आणि लग्नाची तारीख घेण्यास वधूवरांचे आईबाप आमच्याकडे येतील तेव्हां आम्ही त्यांना एक प्रश्न विचारूं, त्याचा त्यांनीं राग मानूं नये: या लग्नासाठीं कर्ज काढीत आहां काय? जो प्रश्न आम्हीं १९९७ सालीं आमच्या वडिलांना विचारला नाहीं, तो इतरांना विचारून आम्ही आमच्या चुकीचें थोडेंसें प्रायश्चित्त घेऊं.

ज्यांच्यावर आज कर्ज आहे त्यांना शेवटीं एवढेंच सांगावयाचें आहे. आपण एकटे नाहीं. धर्मगुरुनिवासाचें दार उघडें आहे. वही आणावयास संकोच वाटत असेल तर नुसते या; कोरी वही आम्ही देऊं, आणि बरोबर बसून आंकडे लिहूं. पैसे देण्याइतके आम्ही श्रीमंत नाहीं, पण हिशेब मांडतांना जवळ बसणारें माणूस लागतें, हें आम्हीं त्या पावसाळ्यांतील रात्रीं आमच्या वहिनींकडून शिकलों आहों. त्या विधवेच्या घराचें दार लावून घेतल्यावर आंत जे घडलें त्याची सुरुवात, माझ्या घरांत काय आहे, हें खरें सांगण्यापासून झाली होती. आपल्याहि घरांत तशी सुरुवात होवो, आणि या धर्मग्रामाच्या हीरकमहोत्सवाला आपलीं मुलें आईबापांच्या देण्याचें ओझें न वाहतां, मोकळ्या मनानें एकत्र जमोत, अशी परमेश्वरचरणीं प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.